आधी उजेड, मग बारकावा

गणपती जवळ आले की गिरगावात, लालबाग-परळला मंडळाच्या बैठकीत विषय निघतोच: यंदा पटांगणात सिनेमा दाखवायचा, तर प्रोजेक्टर कोणता घ्यायचा? पैसा वर्गणीचा असतो. तो नुसत्या ‘फोर-के’ या नावावर खर्च होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. प्रोजेक्टर उजेड टाकतो, काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावर आपल्याला जे काळं दिसतं, ती उजेड न पडलेली जागा असते. तिथे मांडवाच्या हॅलोजनचा किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा प्रकाश आला की काळ्याचं राखाडी होतं आणि सिनेमातले रात्रीचे प्रसंग पार फिके पडतात. ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तेव्हाही आणि आजही थिएटरचं निम्मं काम अंधारच करतो. डिजिटल थिएटरच्या पडद्याची उजळता ४८ निट ठरलेली आहे; निट हे पडद्याच्या उजळतेचं माप. आपल्या मोबाइलचा पडदा याहून कितीतरी प्रखर असतो. दहा फूट रुंद पडद्याला एवढी उजळता द्यायला साधारण ८०० ल्युमेन, म्हणजे प्रोजेक्टरच्या एकूण उजेडाचं माप, पुरतात, मात्र मिट्ट काळोखात.

चाळीच्या पटांगणात मिट्ट काळोख कुठून आणणार? चारी मजल्यांच्या गॅलऱ्यांतले दिवे, लायटिंगच्या माळा, शेजारचं दुकान. म्हणून तिथे त्याच दहा फुटांसाठी ३००० ते ४००० ल्युमेनचा प्रोजेक्टर घ्या. आणि पडदा मोठा करण्याचा मोह आवरा. रुंदी दहाची वीस फूट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि तोच उजेड पाव होतो. पडद्याच्या बाजूच्या माळा दोन तास बंद ठेवल्या, तर त्याचा फायदा प्रोजेक्टरवर आणखी काही हजार रुपये घालण्यापेक्षा जास्त होईल.

आता रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातले ठिपके. फुल एचडीत आडवे १९२० आणि उभे १०८० असतात, फोर-केत एकूण ठिपके त्याच्या चौपट. पण डोळ्यालाही मर्यादा आहे. दहा फुटी पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो. अठरा फुटांपलीकडे बसलेल्या माणसाला तो सुटा दिसत नाही. पटांगणातली बहुतेक खुर्ची-सतरंजी त्याहून लांबच असते. मग फोर-केचे पैसे कोणासाठी मोजायचे? तेच पैसे उजेडावर लावा.

घरात मात्र गणित उलटं होतं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे सहा फुटी चित्र आठ फुटांवरून पाहताना खिडक्या बंद केल्या तर खरे ५००-६०० ल्युमेन भागतात, पण ठिपके डोळ्यात भरतात. तिथे किमान फुल एचडी हवं. आणि चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा प्रोजेक्टर असेल, तर सहा फुटांच्या चित्राला नऊ फूट मागे जावं लागेल. खोलीत तेवढी जागा आहे का, हे आधी टेपने मोजा.

‘खरे’ ल्युमेन असं मुद्दाम म्हणालो. स्वस्तातल्या खोक्यांवर दहा-वीस हजारांचे आकडे छापलेले असतात. ते बहुतेक वेळा आतल्या दिव्याचे असतात, पडद्यावर पोहोचणाऱ्या उजेडाचे नव्हे. दुकानदाराला ‘अ‍ॅन्सी ल्युमेन किती?’ एवढंच विचारा. त्या पद्धतीत पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकावरचा उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. तसंच ‘१०८० सपोर्टेड’ म्हणजे फुल एचडी नव्हे. यंत्र तसा सिनेमा स्वीकारतं, पण दाखवतं स्वतःच्या कमी ठिपक्यांतच. ‘नेटिव्ह रेझोल्यूशन किती?’ हा प्रश्न सोडू नका.

प्रोजेक्टर बघायला लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जाताना पेन ड्राइव्हवर मंडळाच्या जमाखर्चाचं एक पान घेऊन जा. बारीक मराठी अक्षर पडद्यावर लावा. जवळ जाऊन पाहा, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतोय का, ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे वाचता येतात का? मग मधला भाग आणि चारही कोपरे सारखेच स्पष्ट आहेत का, तेही बघा. यंत्र तिरकं ठेवून चित्र बटणाने चौकोनी करून दाखवत असतील, तर ते सरळ समोर ठेवायला सांगा. त्या बटणाने ठिपकेही वाया जातात आणि उजेडही.

वर्षातून दहाच दिवस लागणार असेल तर मंडळाने प्रोजेक्टर भाड्यानेच आणावा, हे माझं स्पष्ट मत. जुना दिवा आयुष्याच्या शेवटाकडे निम्म्या उजेडावर येतो, म्हणून भाड्याच्या यंत्राचा दिवा किती तास जळला आहे हे मेनूत उघडून बघा. चाचणी आपल्याच पटांगणात, गॅलऱ्यांतले दिवे लागल्यावर, साडेसातनंतर घ्या. मगच विसार द्या, आणि पावतीवर मॉडेलचं नाव, अ‍ॅन्सी ल्युमेन व नेटिव्ह रेझोल्यूशन लिहून घ्या.