शरीराची जमाबंदी



या व्याख्यानमालेचे नाव वसंताचे असले तरी आपल्या बिदर-कलबुर्गीकडचा उन्हाळा वसंताला जुमानीत नाही, आणि अशा मोसमात व्यायामाचा महिमा गाण्यापेक्षा त्याची मर्यादा सांगणे अधिक प्रशस्त, असे वाटून मी हा विषय घेतला आहे. त्याच्या आधारासाठी दूर जावे लागत नाही; कारण ज्या बसवकल्याणची ओळख आपण बसवेश्वरांच्या नावाने सांगतो, तीच कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती, आणि तेथील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कांडताना ओव्या गाणाऱ्या महाराष्ट्रीय स्त्रियांचा त्यात उल्लेख असल्यामुळे मराठीचे अभ्यासक त्याचे नाव आदराने घेतात. त्यातील ‘मल्लविनोद’ या प्रकरणाकडे मात्र तालमीबाहेरचा वाचक क्वचितच वळतो.

त्या प्रकरणात वय, बांधा आणि बळ पाहून मल्लांची प्रतवारी केलेली आहे. ओझ्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम असे श्रमाचे प्रकार सांगितले आहेत, आणि मल्लखांबाचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून अभ्यासक याच स्तंभश्रमाकडे बोट दाखवितात. परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती कोठारासंबंधीची तरतूद. मल्लांना डाळी, मांस, दूध, साखर आणि उत्तम मिष्टान्ने पुरविण्याची जबाबदारी ग्रंथकर्त्याने राजावर टाकली आहे. म्हणजे ज्याला झुंज पाहण्याची हौस, त्याच्याच खजिन्यावर पोषणाचा खर्च. यात करुणा कितपत होती कोण जाणे, राजाला लढवय्या हवा होता; पण हिशेब मात्र चोख होता.

वैद्यकाचा निर्णयही असाच हिशेबाचा आहे. वाग्भटाने बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसालासुद्धा हिवाळ्यात आणि वसंतात अर्ध्या शक्तीपुरताच व्यायाम सांगितला, आणि इतर ऋतूंत त्याहूनही मंद. अर्धी शक्ती ओळखावी कशी, याची खूण सुश्रुतसंहितेत आहे: श्रम करताना श्वास तोंडाशी आला की बळाचा अर्धा भाग खर्ची पडला. धावताना सोबत्याशी दोन वाक्ये सलग बोलता आली पाहिजेत, असे आजचे शिक्षक सांगतात, ते याहून फारसे निराळे नाही.

हिशेबाचे हेच तत्त्व जमिनीलाही लागू पडते. बिदरच्या ज्या महमूद गावानाचा १४७२ चा मदरसा आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो, त्या वजिराची दुसरी कीर्ती जमिनीची मोजणी करवून सारा ठरविण्याची आहे. मोजणीवाचून जमाबंदी करणारा आणि अवर्षणाच्या साली तहकुबी नाही, तगाई नाही, नुसता वसुलीचा तगादा लावणारा अंमलदार एक वर्ष भरणा भरपूर दाखवितो, पण पुढच्या वर्षी त्याच्या दप्तरात गाव बेचिराख म्हणून नोंदले जाते. आपल्या देहाच्या बाबतीत आपण बहुतेक सारे अशाच अंमलदारीवर नेमलेले आहोत.

पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करणारी आपल्या तालुक्यांतली मुले पाहा. जाहिरात निघेपर्यंत स्वस्थ बसायचे, आणि निघाली की डांबरी रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ छाती फुटेस्तोवर धावायचे! स्नायू काही आठवड्यांत दाद देतात. कंडरा आणि हाडे महिन्यांच्या हिशेबाने मागाहून येतात. म्हणून दम वाढला असे वाटते न वाटते तोच नडगी ठणकू लागते, आणि ती ठणक ही आळसाची सबब आहे असे समजून आणखी धावले, तर हाडाला बारीक चीर जाते. उन्हाला सरावण्यासही देहाला दहा-चौदा दिवस लागतात. ते न देता भर वैशाखात दुपारी मैदान गाठणे हे शौर्य नव्हे.

आत्मोन्नतीचा छंद लागलेल्यांची स्थिती वेगळी नाही. पहाटे चारला उठायचे, रात्री बाराला निजायचे, एक वेळ जेवायचे, आणि हे सारे निरवधी. गाणगापूरच्या क्षेत्री गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसणारा वाचकही आहार-निद्रेचे कडक नियम पाळतो, परंतु सात दिवसांनी त्याची समाप्ती होते. आपल्या व्रतांना उद्यापन असते. नव्या व्रतांना ते ठेवायचे कोणाला सुचले नाही, आणि त्यांत मोडून पडणारा माणूस दोष स्वतःच्या निश्चयाला देतो, मुदत न घातलेल्या संकल्पाला देत नाही.

आणि अन्न? कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती तूर खळ्यावरून थेट आडतीला जाते, घरातले वरण पातळ होत जाते, आणि त्याच घरचा मुलगा उसनवारी करून पावडरीचा डबा आणतो. जमलेल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की यंदा आडतीची गाडी भरण्यापूर्वी धावणाऱ्या मुलाच्या आणि मुलीच्या ताटापुरती तूर वर्षाच्या हिशेबाने कणगीत राखून ठेवावी, आणि वेळापत्रकात आठवड्याचा एक विश्रांतीचा दिवस मुलांच्या मर्जीवर न सोडता स्वतःच्या हाताने मांडून द्यावा.