पेट्रोलच्या गाडीत डिझेलचं इंजिन

प्रीमियर पद्मिनी आठवते? कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी, 1089 सीसीच्या पेट्रोल इंजिनाची. डिझेल स्वस्त होतं, तेव्हा टॅक्सीवाल्यांनी अशा गाड्यांत डिझेल इंजिनं बसवून घेतली. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या माणसाचा तो सरळ हिशेब होता.

पण नुसती टाकी डिझेलने भरून भागत नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगी प्लगमधून पडते. डिझेलमध्ये प्लगची ठिणगीच नसते. सिलिंडरमधली हवा साधारण वीस पटीने दाबली जाते, ती इतकी तापते की नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेट घेतं. हा दाब सोसायला ब्लॉक जाडजूड लागतो, म्हणून वजन वाढतं. मग पुढच्या स्प्रिंगा दबतात, ब्रेक कमी पडतात. इंजिनाचे रबरी माउंटिंग मजबूत नसतील, तर उभ्या गाडीत गिअरचा दांडा थरथरताना दिसतो. सकाळी आधी हीटर प्लग तापू द्यायचे, मगच स्टार्टर मारायचा.

पुढे न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. शहराच्या फुप्फुसांसाठी ते फार गरजेचं होतं.

आज कुणी जुन्या गाडीचं इंजिन बदलायचं म्हणत असेल, तर गॅरेजच्या आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल आरसी बुकात नोंदवावाच लागतो.