लहान मासा, मोठा मासा आणि पळण्याची वेळ



आष्टीच्या पश्चिमेस वर्धा नदी वाहते आणि पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. मोर्शीजवळ सिंभोरा येथें ह्याच नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण बांधलेलें आहे. अशा जलाशयांत रोहू, कटला, मृगळ ह्यांचें बीज सोडतात. परंतु वर्धेसारख्या नद्यांच्या पाण्यांत मरळ, शिंगाळा हे मांसाहारी मासेही असतात, आणि वरून खंड्या व पाणकावळा टपलेले असतात. सोडलेल्या बीजापैकीं किती जगेल, हा मासेमारी करणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर पुष्कळ अंशीं माशाच्या लांबीशीं निगडित आहे. तें कसें, हें आज पाहूं.

मासा दचकला म्हणजे त्याचें शरीर क्षणार्धांत धनुष्यासारखें वाकतें आणि लगेच शेपटीच्या फटकाऱ्यासरशीं तो दूर झेपावतो. ह्या क्रियेस चालना देणाऱ्या दोन मोठ्या मज्जापेशी मेंदूच्या मागील भागांत असतात. लुडविग माउथनर ह्या नेत्रवैद्यानें १८५९ सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांस त्याचेंच नांव मिळालें. उजवीकडून धक्का आला कीं उजवी पेशी डाव्या बाजूचे स्नायु आखडविते आणि मासा धोक्यापासून उलट दिशेस वळतो. पाण्यांतील हादऱ्यानंतर ही हालचाल सुरू होण्यास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग पुरतो.

परंतु हल्लेखोर दूर असतांना हादरा पोहोंचत नाहीं. तेथें डोळाच उपयोगी पडतो. जवळ येणाऱ्या वस्तूची प्रतिमा डोळ्यांत वाढत जाते, आणि त्या वाढीचा वेग ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं मासा पळूं लागतो. लॉरेन्स डिल ह्यांनीं १९७४ सालीं झेब्रा माशांवर केलेल्या प्रयोगांवरून हा नियम मांडला. त्याचा हिशेब सोपा आहे: वेग तोच ठेवून हल्लेखोराचा आकार चौपट केला, तर मासा दुप्पट अंतरावरूनच पळेल. ह्यावरून दिसतें कीं बारीक तोंडवळ्याचा शिकारी संथपणें सरकत आला, तर तो बराच जवळ येईपर्यंत भक्ष्याला त्याचा सुगावा लागत नाहीं.

आतां भक्ष्याच्या शरीराकडे वळूं. मासा जितका लांब, तितका त्याचा स्नायु आखडण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून मोठा मासा सावकाश वाकतो. त्याच्या वळणाचें वर्तुळही लांबीच्या प्रमाणांत मोठें होतें. लहान मासा मात्र अल्प जागेंत गर्रकन् वळतो, आणि मागें लागलेल्या मोठ्या शिकाऱ्यास तितकें आंखूड वळण घेतां येत नाहीं. ही लहानाची जमेची बाजू. परंतु सरळ शर्यत लांबली तर मोठ्याचा वेग अधिक असल्यामुळें लहानाचा निभाव लागणें कठीण. शिवाय जो तोंडांत मावेल तोच गिळतां येतो. म्हणजे लांबी वाढली कीं शत्रूंची संख्याच घटते.

असें असूनही मोठे मासे बेफिकीर नसतात. समुद्रांतील प्रवाळांच्या खडकांवर पाणबुडे भाल्यानें शिकार करतात, तेथील मोठे मासे माणसापासून अधिक दूर असतांनाच निघून जातात. संरक्षित भागांतील मासे त्या मानानें जवळ येऊं देतात. माणूस मोठ्यांनाच हेरतो, हा अनुभव तेथें कारणीभूत असावा.

ह्यावरून मत्स्यपालकांनीं काय घ्यावें? इंचभर लांबीचें बीज स्वस्त पडतें आणि संख्येनें पुष्कळ दिसतें. पण मांसाहारी माशांच्या पाण्यांत त्यांतील फार मोठा भाग मरळीच्या पोटांत जातो. म्हणून मोठ्या जलाशयांत सुमारें १०० मिलिमीटर लांबीची बोटुकली सोडावी, असा मत्स्यशास्त्रज्ञांचा सल्ला असतो. संगोपन-तळ्यांत कांहीं आठवडे अधिक राखलेली बोटुकली वळण्याची चपळाई फारशी गमावीत नाहीं, आणि पुष्कळ शत्रूंच्या घशांत मावेनाशी होते. खरेदीच्या वेळीं मोजावयाची ती केवळ बीजाची संख्या नव्हे, तर त्याची लांबीही होय.