हलवा आपल्या हातचा



आम्ही ग्वाल्हेरकर मराठी माणसे थंडीत तीळ दोन तऱ्हांनी खातो: बाजारातली गजक आणि घरचा काटेरी हलवा. गजकेसाठी गुळाचा पाक खुंटीवर ओढून पांढुरका करतात, त्यात भाजलेले तीळ घालून लाकडी मोगरीने कुटतात. म्हणून ती खुसखुशीत होते. शेजारच्या मुरैन्याच्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिची काळजी बाजार घेईल.

हलव्याची कोण घेणार? मंद शेगडीवर परात, चमचा-चमचा साखरेचा पाक, आणि तीळ बोटांनी सतत फिरवायचे. घाई केली की गोळे होतात, हवा दमट असली की काटा फुलत नाही. हे वाचून येत नाही. बोटे पोळावी लागतात. नव्या सुनेचे दागिने, बाळाचे बोरन्हाण, सगळ्याला आता पुण्याहून हलवा मागवतो. आम्हीही मागवला, कबूल करतो.

हलवा येणाऱ्या काकू-मावश्या आपल्यात आता मोजक्याच उरल्या आहेत. म्हणून बाप्पापुढे एवढेच मागणे: येत्या संक्रांतीआधी मंडळाच्या सभागृहात शेगडी पेटवू. त्यांनी नुसते बसून सांगावे; परातीशी सुना, लेकी आणि आम्ही पुरुषही बसू.

गणपती बाप्पा मोरया!