स्वतंत्र डिझायनराकडून काम करून घेतांना



घर रंगवावयाचें असलें तर रंगारी कसा निवडावा, हें आपणांपैकीं बहुतेकांना ठाऊक असतें. त्यानें पूर्वीं रंगविलेलें घर आपण पाहून येतों, शेजाऱ्यांकडे चौकशी करतों आणि मजुरी ठरवितों. पण ज्याचें काम मोबाइलच्या पडद्यावर दिसतें, आणि जो कोणाच्या कचेरींत नोकरी न करितां स्वतंत्रपणें व्यवसाय करतो, अशा डिझायनराशीं व्यवहार करण्याचा प्रसंग आला म्हणजे चांगली हिशेबी माणसेंहि गोंधळतात. त्याला काय सांगावें, काय विचारावें, पैसे केव्हां द्यावे आणि काम झाल्यावर त्यांतलें आपलें काय, हे प्रश्न अनुत्तरित राहतात; आणि पुढें त्यांतूनच मनस्ताप उद्भवतो. आज या प्रश्नांचा थोडा विचार करूं.

प्रथम हा मनुष्य करतो काय, तें पाहूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, डिझायनर म्हणजे रंग व अक्षरें शोभिवंत करून देणारा चित्रकार. ही समजूत अपुरी आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथें आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें १९५८ सालीं एक अहवाल लिहिला. त्यांत त्यांनीं गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा. असा लोटा नव्यानें घडवावयाचा तर कशाकशाचा विचार करावा लागेल, याची त्यांनीं यादीच दिली. पाणी किती मावावें, तो कोणाचे हात उचलणार, डोक्यावरून नेणार कीं कमरेवरून, भरलेला असतां व रिकामा असतां त्याचा तोल कसा राहील, ओततांना धार कशी पडेल, तो स्वच्छ कसा करतां येईल आणि किंमत काय पडेल, असे ते प्रश्न होते. याच अहवालानंतर १९६१ सालीं अहमदाबादेस, आज नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या नांवानें ओळखली जाणारी संस्था निघाली. आणि १९६९ सालीं पवईच्या आय. आय. टी. मध्यें औद्योगिक डिझाइनचें केंद्र सुरू झालें. मोबाइलवरील ॲपची आखणी करणाऱ्यालाहि असेच प्रश्न पडतात. वस्तु तेवढी निराळी. आपण त्याला जें मोल देतों तें मुख्यतः या विचाराचें असतें.

एक उदाहरण घेऊं. समजा, एका शहरांतील जुन्या सार्वजनिक वाचनालयाला असें वाटलें कीं, आपल्या सभासदांसाठीं ॲप असावें. कार्यकारी मंडळानें डिझायनराला बोलावलें आणि सांगितलें, "शेजारच्या शहरांतल्या वाचनालयासारखें वीस पडद्यांचें ॲप करून द्या." तो करून देईल आणि वीस पडद्यांचे पैसेहि घेईल. पण हेंच मंडळ जर म्हणालें, "आमचे पुष्कळ सभासद वयस्क आहेत. पुस्तक परत करण्याची तारीख ते विसरतात, मग फोन करून विचारतात, आणि ग्रंथपालांची सकाळ त्या फोनांतच जाते," तर चांगला डिझायनर आधीं त्या सभासदांना भेटेल. कदाचित् तो असेंहि सांगेल कीं, तुम्हांला ॲप नकोच; मुदतीच्या दोन दिवस आधीं प्रत्येकाला एक संदेश गेला म्हणजे बरेंचसें काम भागेल. सभासदांच्या वर्गणीचा पैसा वांचविणारा हा सल्ला आहे, आणि तो आपली अडचण मोकळेपणीं सांगणाऱ्यासच मिळतो. उपाय आपणच ठरवून नुसता हुकूम सोडणाऱ्यास तो मिळत नाहीं.

आतां निवडीविषयीं. डिझायनराचीं पूर्वींचीं कामें अवश्य पाहावीं. पण तीं सुंदर आहेत एवढ्यावर भुलूं नये. प्रत्येक कामाविषयीं विचारावें: येथें अडचण काय होती? तुम्हीं स्वतः कोणता भाग केलात आणि इतरांनीं कोणता? काय करून पाहिलें आणि सोडून दिलें? लोकांच्या हातीं पडल्यावर काय आढळलें? ज्यानें काम खरोखर केलें आहे, त्याला फसलेल्या प्रयत्नांविषयींहि सांगतां येतें. एक प्रघात मात्र सोडावा. "आधीं एक नमुना फुकट करून दाखवा, पसंत पडला तर काम देऊं," असें चार-पांच जणांना सांगण्याची रीत कोठें कोठें पडली आहे. असा नमुना आपल्या सभासदांना न भेटतां केलेला असतो. म्हणून त्यांत पारख होते ती मंडळाची आवड ओळखण्याच्या चातुर्याची. पारखावयाचेंच असेल तर आठवड्याभराचें एक लहान काम मोल देऊन सांगावें. त्यांत दोघांनाहि एकमेकांचा स्वभाव कळतो.

काम सुरू झालें म्हणजे अंतिम शब्द कोणाचा, हें आधीं ठरवावें. मंडळांत अकरा जण असले तर अकरा मतें असणारच. तीं आपसांत जुळवून एकाच व्यक्तीनें डिझायनरास कळवावीं. कळवितांना दोष सांगावा, दुरुस्ती सांगूं नये. "हें बटण लाल करा" यापेक्षां "परतीची तारीख चटकन दिसत नाहीं" हें म्हणणें अधिक उपयोगाचें. कारण तारीख दिसण्याचा मार्ग लाल रंगाहून निराळाहि असूं शकेल.

आणि निकाल वापरणारांवर सोपवावा. पडद्याचा कच्चा नमुना एखाद्या सत्तर वर्षांच्या सभासदाच्या हातीं द्यावा, "आजोबा, या पुस्तकाची मुदत वाढवून दाखवा" असें म्हणावें, आणि स्वस्थ बसून पाहावें. मध्येंच शिकवूं नये. जेकब नील्सन या तज्ज्ञानें २००० सालीं असा हिशेब मांडला कीं, पांच माणसांकडून असें करून घेतलें तर वापरांतील सुमारें शेंकडा ८५ दोष उघडकीस येतात. म्हणून पंधरा जणांना एकदांच बसविण्यापेक्षां पांच-पांच जणांच्या तीन फेऱ्या कराव्या आणि प्रत्येक फेरीनंतर सुधारणा करावी, असा त्याचा सल्ला आहे. त्याला खर्च फार नाहीं; थोडा वेळ व थोडी नम्रता लागते.

मराठी संस्थांनीं आणखी एक आग्रह धरावा. आखणी इंग्रजी मजकुरावर करून शेवटीं त्यांत मराठी शब्द ओतण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणीं आहे. इंग्रजी अक्षरांना वेलांटी नाहीं, उकार नाहीं. त्यामुळें दोन ओळींतलें अंतर कमी पडून आपल्या मात्रा व उकार कापले जातात. 'ल' आणि 'श' हीं अक्षरें हिंदी वळणाचीं येतात आणि डोळ्यांना खटकतात. यासाठीं पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर, पुस्तकांचीं लांबलचक नांवें आणि सभासदांचीं जोडाक्षरी आडनांवें डिझायनरास द्यावीं. पांढऱ्यावर फिकट करडीं अक्षरेंहि स्वीकारूं नयेत. जागतिक नियमावलींत साध्या आकाराच्या अक्षरांसाठीं अक्षर व पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ ला १ असावें असें सांगितलें आहे. हें माप डिझायनराला क्षणांत काढून दाखवितां येतें.

आतां कागदाविषयीं. ओळखीच्या माणसाशीं लेखी करार करणें आपल्याकडे कित्येकांना अप्रशस्त वाटतें. पण १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्याचा एक भाग ठाऊक असला तर हा संकोच राहणार नाहीं. पगारी नोकरानें नोकरीच्या कामांत केलेल्या कृतीचा हक्क, उलट करार नसल्यास, मालकाचा असतो. स्वतंत्र व्यावसायिकाची गोष्ट निराळी आहे. पैसे चुकते केले तरी हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो आपणांकडे यावयाचा तर त्याच्या सहीचा लेख लागतो. आणि त्या लेखांत मुदत लिहिली नसली तर ती पांच वर्षें, प्रदेश लिहिला नसला तर तो भारतापुरता, असें कायदा धरून चालतो. म्हणजे आज निष्काळजीपणानें केलेला कागद सहाव्या वर्षीं नव्या मंडळापुढें कूट प्रश्न उभा करील. म्हणून हक्क कोणते, किती काळ व कोठें, हें स्पष्ट लिहावें. कामाची व्याप्ति, दुरुस्तीच्या फेऱ्या, पैशांचे हप्ते आणि मजकूर कोण देणार, हेंहि नमूद करावें. फिग्मासारख्या साधनांत काम कोणाच्या तरी खात्यावर राहतें. शेवटीं मूळ फाइली संस्थेच्या खात्यावर आल्या आहेत ना, हें पाहून घ्यावें. मात्र केलेलें काम आपल्या संग्रहांत दाखविण्याची परवानगी डिझायनरास आनंदानें द्यावी. त्यावरच त्याला पुढचें काम मिळतें.

हा कागद त्याचेंहि रक्षण करतो. त्याला महिन्याचा पगार नाहीं, भरपगारी रजा नाहीं. बिल दोन महिने अडलें तर त्याचें घरभाडें अडतें. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीं २००६ सालीं झालेल्या कायद्यानें, नोंदणी केलेल्या अशा व्यावसायिकाला आधार दिला आहे. काम स्वीकारल्यापासून पैसे देण्याची लेखी ठरलेली मुदतहि ४५ दिवसांपलीकडे जाऊं शकत नाहीं, आणि कांहींच ठरलें नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतें.

शेवटीं एक सूचना. रकमेचा कांहीं भाग बाजूला ठेवावा आणि तीन महिन्यांनीं त्याच डिझायनरास पुन्हां बोलवावें. ग्रंथपालांचे फोन किती कमी झाले, सभासद कोठें अडतात, हें तोंपर्यंत कळलेलें असतें, आणि उरलेल्या चुका थोड्या खर्चांत निघतात. घरीं बसलेल्या एखाद्या आजीबाई ज्या दिवशीं कोणाला न विचारतां आपल्या कादंबरीची मुदत वाढवून घेतील, त्या दिवशीं वर्गणीचा पैसा कारणीं लागला असें समजावें.