शरणपूरची पोरं



बाळांनो, शाळेच्या समारंभात पाहुण्यानं यशाच्या पायऱ्या सांगायच्या, असा रिवाज आहे. मी मात्र तुमच्याच वयाच्या पोरांची गोष्ट सांगणार आहे.

नाशकात शरणपूर रोड आहे. त्या शरणपूरला 1860 च्या सुमारास मिशनऱ्यांच्या शाळेत आफ्रिकेची मुलं शिकत होती. इंग्रजी आरमारानं गुलामांची गलबतं पकडली, त्यांतून सुटलेली. आईबापांचा पत्ता नाही. नावंसुद्धा मिशननं बदललेली. उपकार फुकटात झाले नव्हते, हेही ध्यानात ठेवा. लिहिणं-वाचणं शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. वर्गात इंग्रजी होतीच. पण नाशकात राहायचं तर मराठी-हिंदुस्थानीवाचून भागतंय का?

जेकब वेनराइट त्यांतलाच, याओ जमातीचा. 1872 मध्ये त्याला आफ्रिका धुंडाळणाऱ्या डॉ. लिव्हिंग्स्टनच्या मदतीला तिकडं धाडलं. 1 मे 1873 ला लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले. सोबत्यांनी काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. देह उन्हात वाळवला, कापडात अन् झाडाच्या सालीत गुंडाळला आणि व्यापाऱ्याच्या मालाचं गाठोडं भासवत समुद्रकाठी नेला. नऊ महिने लागले! अंत्यविधीची प्रार्थना जेकबनं वाचली, झाडावर नाव त्यानंच कोरलं, प्रवासाची डायरीही लिहिली. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशकात शिकलेला हा पोरगा होता. लिव्हिंग्स्टनच्या सोबत्यांपैकी चुमा आणि सुसी या दोघांनी त्या प्रवासाचं पुढारपण केलं. पण आफ्रिकी माणसाच्या हातचं टिपण म्हणून जेकबची डायरी उरली. लिहिता येत होतं, म्हणून.

पुढं 1875 मध्ये मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं, तेव्हा शरणपूरचीच माणसं तिथं मास्तर झाली, कारागीर झाली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तर 1885 मध्ये पाद्री झाले.

आपल्याकडं आफ्रिकेच्या पोरानं नाव काढणं नवलाचं नाही म्हणा. संभाजीनगरची जुनी खडकी वसवणारा मलिक अंबर हबशीच होता, गुलाम म्हणून विकला गेलेला.

पालकांनो, आता भाषेचं. पोराला कुठल्या माध्यमात घालावं, यावर तुम्ही रात्र-रात्र वाद घालता. घाला. पण घरची भाषा सोडल्याशिवाय इंग्रजी येत नाही, हे कुणी सांगितलं? शरणपूरच्या पोरांची मायबोली हिसकावली गेली होती, तुमच्या पोरांची शाबूत आहे.

आणि बारावीनंतर संभाजीनगरला, पुण्याला जाल तेव्हा शेजारच्या खोलीत सुदानचा नाहीतर टांझानियाचा पोरगा असेल. त्याच्याशी तोडक्या हिंदीत बोलू नका. सरळ मराठीत ‘जेवलास का?’ विचारा. तो महिन्याभरात तुम्हाला शिव्याही मराठीत देईल.

पडद्यामागं लेझीमवाली पोरं ताटकळली आहेत, बाई मघापासून खुणा करताहेत. थांबतो.