औषधाची मात्रा आणि पानावरचा आग्रह



गेल्या श्रावणात एक पन्नाशीच्या बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचे ओठ सुकलेले होते आणि मी दिलेला पाण्याचा पेला त्या ओठांपर्यंत नेऊन तसाच खाली ठेवीत होत्या. वजन उतरविण्याचे, आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाचे इंजेक्शन सुरू करून त्यांना दुसरा महिना लागला होता व मात्रा नुकतीच वाढविली होती, अशात भाचीच्या मंगळागौरीला त्या माहेरी गेल्या, आणि "वन्सं, माहेरच्या पानावरून अशा अर्धपोटी उठणार का?" या भावजयीच्या शब्दाला मान देऊन त्यांनी दुसरी पुरणपोळी तुपासह संपविली. रात्र ओकाऱ्यांत गेली, पुढे दोन दिवस पाणीही पोटात ठरेना, आणि माझ्यासमोर बसताच त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हे औषध मला मानवत नाही, बंद करा."

टिर्झेपाटाइड हे औषध 2025 च्या मार्चमध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षीच्या जूनमध्ये आपल्या देशात विक्रीस आल्यापासून ही तक्रार माझ्या कानी वारंवार पडते, म्हणून आज तिच्याविषयीच बोलावयाचे मी योजिले आहे.

आपण जेवलो की आतड्यांतून जीएलपी-1 नावाचा एक अंतःस्राव रक्तात उतरतो. तो मेंदूला तृप्तीची वार्ता देतो आणि जठरातले अन्न पुढे सरकण्याचा वेग मंद करतो. निसर्गाने निर्मिलेला हा स्राव काही मिनिटांतच नाश पावतो. सेमाग्लुटाइड मात्र त्याचेच कार्य आठवडाभर करीत राहील असे घडविलेले आहे, आणि टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या स्रावाचेही काम करते. म्हणजे ज्या क्रियेमुळे भूक आवरते, तिच्याच अतिरेकातून मळमळ, करपट ढेकर आणि पोट डब्ब होणे हे त्रास उद्भवतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा 44 जणांना मळमळ झाली, तर नुसते औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी शेकडा 17 जणांना; परंतु पचनाच्या तक्रारींपायी ज्यांना औषध सोडावे लागले, त्यांचे प्रमाण शेकडा 5 हूनही कमी भरले. त्रास पुष्कळांना होतो, बहुतेकांचा तो मात्रा वाढण्याच्या काळात होऊन ओसरतो, आणि तो सुसह्य करणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते.

त्यातले पहिले साधन म्हणजे धीर. सेमाग्लुटाइडचा आरंभ 0.25 मिलिग्रॅमने होतो आणि चार-चार आठवड्यांच्या मुदतीने 0.5, 1, 1.7 अशा पायऱ्या चढत चार महिन्यांनी 2.4 मिलिग्रॅम गाठावयाचे असतात. ही तजवीज जठराला नव्या चालीची सवय व्हावी यासाठीच केलेली आहे. शेजारणीचे वजन अधिक झपाट्याने उतरले, सबब आपणही परस्पर मात्रा वाढवावी, हा विचार मनातही आणू नये. उलट एखादी पायरी जड गेली, तर वैद्याच्या सल्ल्याने तेथेच अधिक काळ थांबता येते किंवा एक पायरी खालीही उतरता येते.

दुसरे साधन म्हणजे ताट. वाढणे निम्मे असावे, घास लहान व सावकाश असावेत, आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात धुवावा. तळलेले व तुपकट पदार्थ जठरात फार वेळ रेंगाळतात, ते टाळावेत. रात्री उशिरा जेवू नये आणि जेवून लगेच आडवे होऊ नये. मळमळीच्या दिवशी मऊ भात, मुगाची खिमटी, पातळ ताक एवढेच पुरे. ओकाऱ्या वा जुलाब झाले, तर जलसंजीवनी घोट-घोट घेत राहावी, कारण शरीरातले पाणी तुटले की त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. बद्धकोष्ठास पालेभाजी, फळे, पाणी आणि चालणे हे उपाय आहेत. आणि भूक थोडी म्हणून उसळ, अंडे, मासळी वा पनीर यांना ताटात पहिला मान द्यावा, जोडीला स्नायूंना जोर लावणारा व्यायाम करावा. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि माणूस गळाठतो.

काही लक्षणे मात्र घरगुती उपायांच्या कक्षेतली नव्हेत. पोटाच्या वरच्या भागात पाठीपर्यंत जाणारी असह्य, न थांबणारी कळ स्वादुपिंडाच्या दाहाची, आणि उजव्या बरगडीखालची कळ, ताप वा कावीळ पित्ताशयातील खड्यांची सूचक असू शकते. पाणीही ठरेना, लघवी उणावली किंवा दृष्टीत एकाएकी फरक पडला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेहासाठी इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर रक्तातील साखर फार उतरून घाम व थरथर सुटू शकते. म्हणून त्यांच्या मात्रेचा फेरविचार डॉक्टरांकडून आधीच करवून घ्यावा. गर्भारपणाचा विचार असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर या औषधाची वार्ता डॉक्टरांना आगाऊ द्यावी.

माझी विनंती आहे की प्रत्येकाने एका वहीत आपली रोजकीर्द ठेवावी: तारीख, मात्रा, काय खाल्ले, काय झाले. निमूटपणे सोसणे आणि न सांगता औषध सोडणे, या दोहोंनी मी अनेकांचे नुकसान झालेले पाहिले आहे; वैद्याला तुमचा त्रास कळला तरच त्याला मार्ग काढता येतो.

त्या बाईंच्या मूत्रपिंडांची तपासणी करवून मी त्या आठवड्याचे इंजेक्शन थांबविले आणि पुढे खालच्या मात्रेने पुन्हा आरंभ केला. त्याहून मोलाचा उपचार त्यांनी स्वतः केला: भावजयीला सारे मोकळेपणाने सांगितले. भाद्रपदात गौरीजेवणाला त्यांच्यापुढे एक लहान ताटली आली, तिच्यात पुरणपोळीचा चतकोर तुकडा होता, आणि वाढणारी भावजय म्हणत होती, "वन्सं, तुम्ही पुरे म्हणाल तिथे माझा हात थांबेल." ज्या घरात हे औषध घेणारे कोणी असेल, त्या घरातल्या प्रत्येक वाढणाऱ्या हाताला एवढे माझे सांगणे पोहोचावे.